वळवट

शेवया, गव्हले, बोटवे, नखुले, मालत्या असे गव्हाच्या पिठाचे जे बारीक बारीक जिन्नस आपल्याकडे हाताने वळून, उन्हात वाळवून वर्षभर जपून ठेवतात, त्या सर्वांना मिळून वळवट असे नाव आहे. हा शब्द आज किती घरांत उच्चारला जातो, हे वाचकांनी आपापल्या घरी विचारून पाहावे. आमच्या बेळगाव भागात सत्तरीच्या पुढच्या बायकांना तो चांगला ठाऊक असतो. त्यांच्या सुनांना शेवया आणि गव्हले ही दोन नावे आठवतात. नातवंडांच्या लेखी मात्र ते सारे ‘खिरीत घालतात ते’ एवढेच असते.

घरगुती कलांविषयी लिहावयाचे म्हटले की लेखणी आपसूक रांगोळीकडे, भरतकामाकडे, रुखवतातल्या शोभेच्या वस्तूंकडे वळते. त्या कला सुंदर आहेतच. पण त्यांना पाहणारे डोळे मिळतात, स्पर्धा मिळतात, बक्षिसेही मिळतात. वळवटाच्या नशिबी यांतले काही नाही. ते बरणीत बंद राहते आणि एखाद्या सणाच्या दिवशी दुधात शिजून संपून जाते. वळणारीचे नाव त्या वाटीभर खिरीत कोणी शोधत नाही. आणि तरीही, बोटांचे कसब या दृष्टीने पाहिले तर, स्वयंपाकघरातली याहून नाजूक कला मला तरी दुसरी माहीत नाही.

शब्द ‘वळणे’ या क्रियापदापासून आला आहे. हे क्रियापद मराठीने फार मायेने वापरले आहे. लाडू वळतात, दोरी वळतात, गुरे वळतात. अक्षराला वळण असते, मुलाला वळण लावतात, आणि एखाद्या कुटुंबाची रीत सांगताना ‘त्या घराचे वळणच तसे’ असे आपण म्हणतो. हाताला वळण आणि माणसाला वळण या दोन गोष्टी आपल्या पूर्वजांना एकाच क्रियापदात बसवाव्याशा वाटल्या, ही गोष्ट भाषेच्या विद्यार्थ्याला विचार करावयास लावणारी आहे. जाता जाता सांगावयाचे तर, दिवाळीच्या उटण्यात गव्हला-कचोरा घालतात त्यातला गव्हला वेगळा. ते एक सुवासिक बी आहे. आपला गव्हला तो गव्हाच्या दाण्यासारखा दिसणारा, म्हणून गव्हला.

आता कृतीकडे वळू. कारण या विषयातील सारी श्रीमंती कृतीत आहे.

वळवटाला गहू कसाही चालत नाही. आमच्याकडे मान खपलीचा. या गव्हाचे टरफल दाण्याला घट्ट चिकटून असते, मळणीत ते सुटत नाही, ते कांडून काढावे लागते. म्हणून तो खपली. बेळगाव, धारवाड, सांगली, कोल्हापूर, सातारा या पट्ट्यात तो पिढ्यान्‌पिढ्या पेरला जात आहे. हाच गहू इटलीत ‘फारो’ या नावाने खातात. मधल्या काळात जास्त उताऱ्याच्या गव्हापुढे तो मागे पडला. धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाने डीडीके १०२५, डीडीके १०२९ असे त्याचे बुटके, न लोळणारे वाण काढले. अलीकडे शहरांतून त्याला पुन्हा मागणी येऊ लागली आहे. खपली न मिळाल्यास बन्सी गहू घेतात. दोन्हींचा गुण असा की त्यांच्या पिठाचा चिवटपणा पोळीच्या गव्हाहून निराळा असतो. पीठ ताठ राहते, दिलेला आकार सोडत नाही, आणि शिजल्यावर दाणा दाण्याला चिकटून लगदा होत नाही.

गहू आदल्या रात्री ओलवावे लागतात. ओलवणे म्हणजे भिजवणे नव्हे. पाण्याचा हात लावून गहू फडक्यात घट्ट बांधून ठेवावयाचे, इतकेच. त्यायोगे दाण्याची साल चिवट होते व दळताना तिचे पीठ न होता मोठा कोंडा होऊन ती वेगळी पडते. मग दळण, मग चाळण, मग पातळ वस्त्रातून गाळणे. वर राहतो तो रवा आणि खाली पडते ते सपीट. ही सर्व खटपट पूर्वी घरात होई. गिरणी आल्यावर दळणाचा भाग गेला, आणि पिशवीतला तयार रवा आल्यावर उरलेलाही गेला. त्याबरोबर ओलवणे, वस्त्रगाळ, सपीट हे शब्दही हळूहळू गेले. शब्द कोशात राहतात हे खरे. पण कोश हे शब्दांचे घर नव्हे. तो त्यांचा पत्ता आहे.

पीठ भिजवावयाचे ते अगदी घट्ट, चिमूटभर मीठ घालून. दोन-तीन तास झाकून ठेवावे. नंतर पाट्यावर वरवंट्याने कुटावे, पुन्हा मळावे, पुन्हा कुटावे. ‘कानाच्या पाळीसारखे मऊ झाले पाहिजे’ हे जुन्या बायकांचे माप. माझ्या मते कोणत्याही छापील प्रमाणापेक्षा ते अधिक बिनचूक आहे, कारण कान प्रत्येकाजवळ असतो आणि तो नेहमी तेवढाच मऊ असतो.

यानंतर बोटांचे काम सुरू होते. आवळ्याएवढी गोळी डाव्या हातात धरावी. तिच्यातून अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये सुतासारखे एक टोक काढावे. उजव्या हाताच्या त्याच दोन बोटांनी त्या टोकाचा जिऱ्याएवढा तुकडा तोडता तोडताच त्याला एक पीळ द्यावा, की दोन्ही बाजूंनी निमुळता, पोटात किंचित फुगीर असा दाणा ताटात पडतो. तोच गव्हला. तोडणे आणि वळणे या दोन क्रिया नाहीत, ती एकच क्रिया आहे. आणि नवशिक्याची सारी फजिती येथेच होते. तो आधी तोडतो, मग वळतो. त्यामुळे वेळ दुप्पट लागतो आणि दाणा गोल, बिनटोकाचा होतो. सराईत हाताला ताटाकडे पाहावेही लागत नाही. डोळे समोरच्या माणसाकडे, तोंड गोष्टीत, आणि बोटांखाली गव्हल्यांची बारीक पावसासारखी सर चाललेली, असे दृश्य ज्यांनी पाहिले आहे त्यांना मी काय म्हणतो ते समजेल.

बोटव्याला थोडे अधिक पीठ आणि थोडा अधिक पीळ लागतो. नखुल्याला नखाचा दाब देऊन नखासारखीच बारीक कोर आणतात. काही घरी नव्या कोऱ्या फणीच्या दात्यांवरून चिमूटभर पीठ अंगठ्याने ओढीत. त्यावर बारीक रेघा उमटत आणि त्या रेघांत खिरीचे दूध धरून राही. साध्या फणीतून अशी नक्षी काढणाऱ्या त्या अनाम बाईला कलावंत म्हणावयास कोणाची हरकत असेल असे मला वाटत नाही.

लग्नमुंजीच्या घरात वळवटाला आणखी एक मान होता. कार्याच्या आधी सुमुहूर्त पाहून सुवासिनी घाणा भरीत, हळद दळीत, आणि त्याच वेळी मुहूर्ताचे सांडगे, पापड, गव्हले करीत. मुहूर्त करावयाचा म्हणजे पुढच्या मोठ्या कामाला शुभ दिवशी हात लावावयाचा. उरलेले काम मग आठ-पंधरा दिवस चाले, आणि मांडवातल्या पंगतीची खीर त्यातूनच होई. आज मुहूर्त राहिला आहे, काम गेले आहे. पाच सुवासिनी पाटावर बसतात, पाच-पाच गव्हले वळतात, छायाचित्र निघते, आणि उरलेले पीठ बाजूला सारले जाते. रुखवत तर बऱ्याच ठिकाणी भाड्यानेही मिळू लागले आहे. एका दिवसापुरते मांडावयाचे आणि दुसऱ्या दिवशी परत करावयाचे. विधी म्हणून मला याचे दुःख नाही. विधी काळानुसार आखूड होतातच. दुःख आहे ते एवढेच, की ज्या कामाची ती सुरुवात होती ते काम करू शकणारे हात त्या पाचांतही आता क्वचित एखादीचे असतात.

गेल्या काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या अशाच एका लग्नघरात दुकानातून गव्हल्यांचे पाकीट आणले होते. दाणे पांढरेशुभ्र, एकसारखे, यंत्राने कापलेले. घरातल्या ऐंशीच्या घरातल्या आजींनी त्यांतला एक उचलून बोटांत फिरवला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, “गुरुजी, ह्याला टोकच नाही की!”

मी म्हटले, “आजी, खिरीत टोक कोण बघतंय?”

“खाणारा बघत नाही,” त्या म्हणाल्या, “करणारीला दिसतंय न्हवं?”

यावर मला उत्तर सुचले नाही. अद्यापही सुचलेले नाही.

तथापि, एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. जुन्या उन्हाळ्यांचे गोडवे गाताना आपण, विशेषतः आपण पुरुष, एक हिशेब सोयीस्करपणे विसरतो. चैत्र-वैशाखात घरोघरी जी पापड, कुरडया, सांडगे, शेवयांची धांदल चाले, तिचा भार कोणाच्या पाठीवर होता? पहाटे उठून चीक शिजवणारी, भर दुपारी गच्चीवर राखण करणारी, आणि संध्याकाळी पुन्हा दोन वेळच्या चुलीपुढे बसणारी ती एकच बाई होती. पाटावरच्या शेवया म्हणजे तर शरीरकष्टाची परीक्षाच. रेघांचा लाकडी पाट तिरपा लावून त्यावर पिठाचा उंडा तळहाताने जोर लावून घासावयाचा. खाली सुटणारी सुते दुसरीने अलगद झेलून काठीवर नेऊन टाकावयाची. दिवसाअखेर खांदा आणि मनगट बोलू लागत. पुढे खाटेला किंवा बाकाला आवळून बसवण्याचे, दांडा फिरवण्याचे शेवयांचे यंत्र आले तेव्हा या भागातल्या बायकांनी त्याचे स्वागत केले, आणि ते योग्यच केले. एका गल्लीत असे एखादेच यंत्र असे. ते उन्हाळाभर या घरातून त्या घरात फिरे. रमजान उन्हाळ्यात आला तर शीरखुर्म्याच्या शेवयांसाठी मुसलमान शेजाऱ्यांकडेही जाई, आणि परत येताना त्याच्याबरोबर वाटीभर शेवया येत. ज्या कामात केवळ कष्ट आहेत ते यंत्राने करावे. शेवया यंत्राने कराव्यात, कुरडयांचा चीक गिरणीतून आणावा. त्यात संस्कृती बुडत नाही.

गव्हल्याचे मात्र तसे नाही. त्याला जोर लागत नाही, ऊन्ह लागते तेही नंतर. चूल लागत नाही, जागा लागत नाही, चार माणसांची जमवाजमव लागत नाही. एक ताट आणि मुठीएवढे पीठ घेऊन कोणीही, कोठेही, कितीही वेळ बसावे आणि कंटाळा आला की ओले फडके झाकून उठावे. आमच्याकडे वृद्धांना, बाळंतिणीला, पाय मोडून घरी बसलेल्याला हे काम देत. कष्टाच्या कामांची राख झाली तरी हे एक काम केवळ आनंदासाठी राखण्यासारखे आहे, असे मला वाटते ते यामुळे.

दुसरे कारण माझ्या व्यवसायातून आले आहे आणि ते अधिक महत्त्वाचे आहे.

दळताना ओवी येते, कारण जात्याला घरघर असते आणि त्या घरघरीवर सूर बसतो. हेमा राईरकर व गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारा केलेले काम तर सर्वश्रुत आहे. जाते थांबले, पण ओवी थोडीफार तरी कागदावर आणि ध्वनिफितीवर उतरली. वळवटाच्या कामाला आवाज नसतो. तेथे गाणे नाही, बोलणे असते. नात्यागोत्याच्या हकिकती, म्हणी, उखाणे, टोमणे, कोणाच्या लग्नात काय झाले, कोणत्या साली विहीर आटली, असे सारे त्या ताटाभोवती चाले. आणि ताटाच्या कडेला बसून पिठाची चिमणी करणारे मूल ते ऐकत असे. भाषा मुलाला शिकवावी लागते ती शाळेत. घरी ती त्याच्या कानावर पडते. ती कानावर पडण्यासाठी घरात अशी एखादी जागा लागते, जेथे मोठी माणसे बराच वेळ, घाई न करता, हात गुंतवून आणि तोंड मोकळे ठेवून बसलेली असतात.

महाराष्ट्रातल्या घराला ही जागा नसली तरी बाहेर दुकान, रस्ता, वर्तमानपत्र, आकाशवाणी मराठीच असते. आपले तसे नाही. बेळगावात, इंदुरात, बडोद्यात किंवा हैदराबादेत मुलाची शाळा बहुधा इंग्रजी, बाजार कन्नड, हिंदी, गुजराती वा तेलुगू, आणि मराठी उरते ती घरातली. त्या घरातही आता ‘जेवलास का, अभ्यास झाला का, दिवा बंद कर’ एवढ्याच मराठीची गरज पडते. अशा मराठीवर मूल निभावून नेते, पण वाढत नाही. सीमाभागात भाषेसाठी १ नोव्हेंबर १९५६ पासून किती सभा झाल्या, किती ठराव झाले, याचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे आणि त्याविषयी येथे लिहिण्याचे प्रयोजन नाही. मी एवढेच म्हणेन की सभेतल्या मराठीला स्वयंपाकघरातली मराठी मागून पुरवठा करीत असते, आणि तो पुरवठा आटत चालला आहे.

हे लक्षात आल्यावर आमच्या शाळेत मी एक लहानसा प्रयोग करून पाहिला. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली. तिचे पुढे मूलोद्योग झाले, टकळ्या आल्या, आणि कालांतराने त्या कपाटात गेल्या. त्या कपाटांच्या आठवणीमुळे मी फार अपेक्षा ठेवली नव्हती. वर उल्लेख केलेल्या आजींना शनिवारी सकाळची शाळा सुटताना सहावी-सातवीच्या मुलांपुढे आणून बसवले. अट एकच घातली, की मुलगे आणि मुली दोघांनीही वळावयाचे. पहिल्या शनिवारी मुलग्यांनी खिदळून घेतले. उद्यमबागेतल्या कारखान्यात खराद चालवणाऱ्या एका कामगाराचा मुलगा मात्र गप्प बसून आजींच्या बोटांकडे पाहत होता. दुसऱ्या शनिवारी त्याचे गव्हले वर्गात सर्वांत चांगले झाले. ‘वडील म्हणतात, आधी हात बघायचा, मग माल बघायचा,’ असे त्याने कारण सांगितले.

पण मला हवे होते ते गव्हले नव्हते. चार शनिवार संपल्यावर मी मुलांना ‘आजींचा तास’ या विषयावर दहा ओळी लिहावयास सांगितल्या. ‘माझी आई’, ‘पावसाळा’ या विषयांवर जी मुले पाठ केलेली तीच ती वाक्ये लिहितात, त्यांच्या वह्यांत तिंबणे, उंडा, निमुळता, चिमूट, ‘सूत तुटले’, ‘हात बसला’ असे शब्द आणि प्रयोग आपोआप उतरले होते. एका मुलीने लिहिले होते की पीठ ‘रुसले’ म्हणून थोडे पाणी लावावे लागले. व्याकरणाच्या चुका होत्याच, त्या मी तांबड्या शाईने दाखवल्याही. पण ते लेखन त्यांचे स्वतःचे होते.

वर्गात काही मुले कन्नड घरांतलीही होती. त्यांच्यामुळे एक गंमत कळली. शेवयांना कन्नडमध्ये शाविगे म्हणतात हे सर्वांना माहीत होते. पण बोटांनी वळलेले गव्हाचे दाणे त्यांच्याही आज्या करतात, आणि त्यांना गवली म्हणतात, हे आमच्या मुलांना नवीन होते. कोणी कोणाकडून घेतले याचा वाद घालण्यात मला रस नाही. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात लिहिलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या भोजनाचे वर्णन आहे. त्यात ‘मंडक’ येतो, तो आपला मांडा. या राजाची राजधानी कल्याणी, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. तेथून मांडा बेळगावच्या लग्नाच्या ताटापर्यंत आणि आपल्या ‘मनात मांडे खाण्या’पर्यंत आला. या आठशे-नऊशे वर्षांत त्याने कोणत्या भाषेच्या चुली ओलांडल्या हे कोण मोजणार?

पाकशास्त्राच्या पुस्तकांनी ही विद्या टिकणार नाही का, असे कोणी विचारील. आपल्याकडे चांगल्या पुस्तकांची वाण नाही. लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० साली निघाले. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने १९७० पासून वाटी-चमच्याच्या मापाने परगावी संसार थाटणाऱ्या किती मुलींना हात दिला, त्याची गणती नाही. पण पुस्तक प्रमाण देते, हात देत नाही. गव्हल्याचा पीळ शब्दांत सांगण्याचा प्रयत्न मी वर केलाच आहे. तो वाचून वाचकांपैकी कोणाला पहिल्या बैठकीत गव्हला साधेल, अशी माझी समजूत नाही. शेजारी बसून एकदा पाहावे लागते. आता चलचित्रातही ते पाहावयास मिळते, आणि परदेशी असलेल्यांना त्याचा उपयोग व्हावा. परंतु चलचित्र ‘अगं, अंगठा सैल सोड’ असे म्हणत नाही.

विक्रीविषयी थोडे. स्त्रीशक्ती संघांच्या बायका अलीकडे जत्रांतून, प्रदर्शनांतून हातचे गव्हले विकावयास ठेवतात. गिऱ्हाईक पाकीट उचलते, किंमत ऐकते, आणि ‘एवढ्याशा गव्हल्यांना एवढे?’ म्हणून परत ठेवते. मुलांकडून मी एकदा एका लहान वाटीतले गव्हले मोजवून घेऊ लागलो. हजाराच्या पुढे गेल्यावर त्यांनी आणि मी दोघांनीही नाद सोडला. त्यांतला प्रत्येक दाणा वेगळा वळलेला असतो, हे लक्षात घेऊन मग ‘एवढे’ म्हणावे. हाताच्या कामाचे कौतुक करणारे आपल्यात पुष्कळ आहेत. हाताच्या कामाची किंमत देणारे पाहिजे आहेत. ज्यांना स्वतः वळणे जमणार नाही त्यांनी निदान घासाघीस न करता घ्यावे.

ज्यांना करून पाहावयाचे आहे त्यांनी फार मोठा घाट घालू नये. अर्धी वाटी बारीक रवा, तोही बाजारचा चालेल. चिमूटभर मीठ, बेताचे पाणी, दोन तासांची विश्रांती, आणि तुपाचा हात लावून खलबत्त्यात भरपूर कुटणे. दूध घालून भिजवू नये; दाणे चविष्ट होतात पण टिकत नाहीत. रात्रीच्या जेवणानंतर दूरदर्शनपुढे बसतो त्या वेळेत घरातल्या सर्वांनी, घरधन्यासकट, एकेक गोळी घ्यावी. दाणे वेडेवाकडे झाले तरी मोडू नयेत. सारख्याच वेगाने शिजतील इतके ते सारख्या जाडीचे असले म्हणजे पुरे. पातळ फडक्यावर पसरून दोन चांगली उन्हे द्यावीत. वाळल्याची खूण अशी की दाणा दाताखाली कट्‌ आवाज करून तुटतो, दबत नाही. मग कोरड्या कढईत किंचित गरम करून, गार झाल्यावर काचेच्या बरणीत भरावेत. पावसाळ्यापूर्वी झाकण एकदा घट्ट बसवले की मध्ये उगीच उघडू नये.

खिरीसाठी या गव्हल्यांतले अर्धी वाटी घेऊन दोन चमचे तुपात मंद आचेवर बदामी रंगावर भाजावेत. येथे बहुतेकजण एकदम दूध-साखर ओततात आणि मग गव्हले कच्चे राहिले म्हणून तक्रार करतात. साखर आधी पडली की दाणा आखडतो. आधी दीड-दोन वाट्या उकळते पाणी घालून दाणा बोटांत चेपेपर्यंत शिजवावा. नंतर एक लिटर दूध घालून थोडे आटू द्यावे. आणि साखर, सुमारे पाऊण वाटी, सर्वांत शेवटी. वेलदोडा, जायफळ आपल्या आवडीप्रमाणे. आमच्याकडे गूळ घालतात. तो घालावयाचा असल्यास पातेले खाली उतरवून, वाफ गेल्यावर, किसून घालावा, नाहीतर दूध फाटते. खीर थोडी पातळच ठेवावी. गव्हले तासाभराने आणखी दूध पितात.